बूड उचललं, वजन तिथेच: पिकअपच्या मागच्या एअरबॅगा नेमकं काय करतात

साताऱ्याला फोन चालू होता. काय करतोयस, असं आईने विचारलं आणि मी सहज म्हणालो, "एअरबॅगमध्ये हवा मारतोय." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "कुठं आपटलास रे?"

आपटलो नव्हतो. डॅलसजवळच्या घरासमोर, पिकअपच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसून सायकलच्या पंपाने हवा भरत होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे कॅम्पिंगचा ट्रेलर जोडून कोलोरॅडोला निघायचं होतं. स्टेअरिंगमधून धाडकन बाहेर येते ती एअरबॅग वेगळी. ही जाड रबराची, आतून दोऱ्यांचं विणकाम असलेली फुगी आहे. ती मागचा ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) आणि चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) यांच्या मध्ये बसते आणि ओझं पडलं की गाडीचं बूड खाली बसू देत नाही. शिवनेरीची व्होल्वो ज्या हवेच्या उशांवर चालते, त्यांचीच ही धाकटी बहीण. फरक एवढाच की बसमध्ये स्प्रिंगचं सगळं काम हवाच करते. पिकअपमध्ये मूळची स्प्रिंग तशीच राहते आणि पिशवी तिच्या मदतीला येते, म्हणून दुकानात हिला 'हेल्पर स्प्रिंग' म्हणतात. एअर लिफ्ट ही मिशिगनची कंपनी १९४९ पासून याच धंद्यात आहे, आणि टायरवाल्या फायरस्टोनची 'राइड-राइट' हीही तितकीच ओळखीची.

आमच्या इथल्या मराठी मंडळात दर उन्हाळ्यात कुणीतरी नवा ट्रेलर घेतं आणि पंधरा दिवसांत प्रश्न येतो: गाडी मागून बसतेय, एअरबॅगा टाकू का? टाका, मी नाही म्हणत नाही. पण पैसे मोजण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, कारण ती मला उशिरा समजली. एअरबॅग बूड उचलते. वजन ती कमीही करत नाही आणि इकडचं तिकडेही करत नाही.

सुरुवात पाट्यांपासून करू. बहुतेक पिकअपना मागे कमानपाटे असतात, आपल्याकडच्या ट्रकला असतात तेच: पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या, मधोमध ॲक्सलला आवळलेल्या. रॅम १५०० या पिकअपला मात्र २००९ पासून मागे कॉइल स्प्रिंग आहे, तिथे छोटी पिशवी कॉइलच्या पोटात घालतात. पाटे असोत की कॉइल, कंपनीची अडचण एकच. हाफ-टन पिकअप, म्हणजे इथल्या मोठ्या पिकअपमधली हलकी जात, आठवड्यातले पाच दिवस रिकामी ऑफिसला जाते आणि शनिवारी तिच्याकडून बैलाचं काम हवं असतं. पाटे कडक दिले तर रिकाम्या गाडीत बसणाऱ्याचे मणके खिळखिळे, मऊ दिले तर शनिवारी बूड टेकलं. आपल्याकडे ट्रकवाले सरळ एक-दोन पाटे वाढवून घेतात आणि मग रिकामा ट्रक खड्ड्याखड्ड्याला उड्या मारत जातो. पिशवीची सोय ही, की कडकपणा तुमच्या हातात राहतो. ओझं असेल तेव्हा हवा भरा, नसेल तेव्हा सोडून द्या.

एक मात्र आधी बघा: गाडी खरोखर जास्त बसतेय का? रिकामी पिकअप बाजूने पाहिली तर मागून थोडी उंचच दिसते. ती उंची कंपनीने ओझ्यासाठीच राखून ठेवलेली असते. ट्रेलर जोडल्यावर मागचा भाग दोनेक इंच खाली आला आणि गाडी सपाट झाली, तर त्यात बिघडलं काहीच नाही. शेपूट पुढच्यापेक्षाही खाली गेलं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जायला लागले, खड्ड्यात मागून रबरावर ठोका बसल्याचा आवाज यायला लागला, की मग विचार करायचा.

आता पिशवीच्या आत काय चालतं ते. गणित शाळेतलंच आहे. पिशवीचा कामाचा व्यास ५ इंच धरा, म्हणजे क्षेत्रफळ साधारण २० चौरस इंच. ५० पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला ५० पाउंड. एका पिशवीचा जोर झाला १,००० पाउंड, दोन्हींचा मिळून २,०००. खड्ड्यात ती दबली की आतली हवा कोंडते, दाब आणखी वाढतो, म्हणजे जितकी दाबाल तितकी ती जास्त कडक होत जाते. म्हणूनच ओझ्याची गाडी खड्ड्यातून जाताना ठोका बसण्याऐवजी उशीवर आल्यासारखी वाटते.

पण हे २,००० पाउंड गेले कुठे? पाट्यावरून उतरले आणि पिशवीवर आले. आणि पिशवी उभी कशावर आहे? त्याच ॲक्सलवर. ॲक्सलला, बेअरिंगला, टायरला, ब्रेकला काहीही फरक पडला नाही. त्यांच्या डोक्यावर कालही तेवढंच होतं आणि आजही तेवढंच आहे.

इथेच लोक फसतात, कारण पिशवीच्या खोक्यावर '५,००० पाउंड' असं ठळक छापलेलं असतं. तो पिशव्यांच्या सोसण्याचा आकडा आहे, तुमच्या गाडीचा नव्हे. गाडीचा आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या लेबलवर असतो: माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर जाऊ नये. माझ्या गाडीवर १,५६० आहे. ही रक्कम तुमच्या बँकेतली समजा. त्यातून बायको-मुलं वजा, कुलर वजा, जनरेटर वजा, ट्रेलरच्या दांडीचं जे वजन गाडीवर पडतं ते वजा, हिचचं, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीचं, लोखंड वजा. आणि हो, खुद्द पिशव्या आणि त्यांची ब्रॅकेटं यांचं वजनही त्यातूनच वजा. म्हणजे एअरबॅगा टाकल्यावर गाडीची क्षमता वाढत तर नाहीच, पाच-पंधरा किलोंनी कमीच होते. मंडळातल्या एका दादांना हे सांगितलं तर ते मलाच समजवायला लागले की पिशव्या बसवल्यावर गाडी कशी 'हेवी ड्यूटी झालीय'.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो समजायला बैलगाडीइतकं चांगलं साधन नाही.

लहानपणी आमच्या काकांना उसाची गाडी भरताना पाहिलंय. मोळ्या मागे जास्त झाल्या की गाडी उलाळायची, जू वर उचललं जाऊन बैलांच्या गळ्याशी यायचं. पुढे जास्त झाल्या की सगळं ओझं बैलांच्या मानेवर. काका दांडी हाताने उचलून बघायचे आणि चार मोळ्या पुढे-मागे करायचे. अमेरिकन ट्रेलरचा नियम हाच आहे, फक्त त्याला टक्केवारी आहे: ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन दांडीवर हवं. कमी पडलं तर ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो, आणि ६५ मैलांच्या वेगात ते दृश्य मागच्या आरशात बघण्यासारखं नसतं. माझा ट्रेलर भरून ६,५०० पाउंडांचा आहे, दांडीवर ८४० येतात. प्रमाण बरोबर आहे.

पण ते ८४० पाउंड पडतात कुठे? मागच्या ॲक्सलवर नाही, त्याच्या पाच फूट मागे, हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलरची दांडी ज्या लोखंडी गोळ्यावर अडकते त्यावर. माझ्या गाडीची पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून बारा फुटांवर आहेत. म्हणजे ही झाली तरफ: मागचा ॲक्सल टेकू, बॉलवर दाबलं की पुढची चाकं हलकी होणार. किती? ८४० गुणिले पाच भागिले बारा, ३५० पाउंड. तेवढं वजन पुढच्या चाकांवरून उठतं, आणि मागच्या ॲक्सलवर ८४० च्या जागी जवळपास १,२०० चढतं. सगळी गाडीच उलाळली म्हणा ना.

पुढची चाकं दिशा देतात. ब्रेक दाबल्यावर जास्त कामही तीच करतात. ती हलकी झाली की स्टेअरिंग लोण्यासारखं फिरतं, आणि ओल्या रस्त्यावर हे लोणी नको असतं.

पहिल्या वर्षी मी एअरबॅगा टाकल्या, ६० पीएसआय हवा भरली, गाडी अशी सपाट झाली की वर पाण्याचा ग्लास ठेवावा. खूश होऊन निघालो. वाटेतल्या ॲमरिलोच्या पट्ट्यात वारा नेहमीच आडवा असतो. एक मोठा ट्रक ओलांडून गेला आणि गाडीचं तोंड लेनमध्ये असं काही तरंगलं की बायकोने हातातला थर्मास न बोलता खाली ठेवला. पुढच्या ट्रक स्टॉपला वजनकाटा दिसला, 'कॅट स्केल' म्हणतात तो. जमिनीत बसवलेल्या तीन लांब लोखंडी फळ्या असतात: पुढची चाकं पहिलीवर, मागची दुसरीवर, ट्रेलर तिसरीवर. थोडक्या डॉलरांत छापील चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी मी अजून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवली आहे.

ट्रेलर सोडून, घरच्यांना आणि सामानाला घेऊन गाडी: पुढे ३,२४०, मागे २,७६०. ट्रेलर जोडून, पिशव्यांत ६० पीएसआय: पुढे २,८८०, मागे ३,९६०. मग कुतूहल म्हणून हवा ५ पीएसआयपर्यंत सोडली, बूड खाली बसलं, पुन्हा काट्यावर गेलो. पुढे २,८८०, मागे ३,९६०. आकडा हललासुद्धा नाही. डोळ्यांना दोन वेगळ्या गाड्या दिसत होत्या आणि रस्त्याला मात्र एकच.

वजन खरोखर पुढे ढकलायचं काम दुसऱ्या वस्तूचं: वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. त्याला लांब, चिवट पोलादी दांडे असतात. त्यांचं एक टोक बॉलखाली अडकतं, दुसरं साखळीने किंवा ब्रॅकेटने ट्रेलरच्या दांडीला ताणून बांधलं जातं. हातगाडीचे दांडे उचलल्यावर वजन पुढच्या चाकावर जातं ना, तसंच हे दांडे पिकअपचा मागचा भाग उचलून धरतात आणि वजनाचा काही हिस्सा पुढच्या ॲक्सलवर, काही मागे ट्रेलरच्या चाकांवर पाठवतात. त्या रात्री कॅम्पग्राउंडवर शेजारच्या तंबूतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी, स्वतःच्या दोन मोजपट्ट्या आणि टॉर्च घेऊन, माझं हिच नीट लावून दिलं. ते माझ्याकडे आधीपासून होतं. एअरबॅगा आल्यावर गरज नाही असं समजून मीच सैल सोडलं होतं. नंतरची चिठ्ठी: पुढे ३,१२०, मागे ३,६००, आणि ट्रेलरच्या चाकांवर १२० जास्त. हरवलेल्या ३६० पैकी २४० पुढे परत आले. दुसऱ्या दिवशी न्यू मेक्सिकोतून रॅटनचा घाट चढलो, ७,८०० फुटांच्या वर जातो तो, आणि गाडीचं तोंड पुन्हा जमिनीवर आल्याचं हातांना कळत होतं.

हिच गाडीच्या ज्या चौकोनी नळीत बसतं, तिथेही एक लेबल असतं, तेही एकदा वाकून वाचा. बऱ्याच हाफ-टन गाड्यांवर दोन ओळी असतात: साध्या बॉलवर ५,००० पाउंडांचा ट्रेलर आणि दांडीवर ५००, वेट डिस्ट्रिब्यूशन असेल तर त्याहून बरंच जास्त. म्हणजे नुसत्या पिशव्यांच्या भरवशावर माझा ट्रेलर ओढणं हे वाऱ्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी नियमातच बसत नव्हतं.

दोन्ही एकत्र वापरता येतात, पण क्रम चुकला की एक दुसऱ्याचं काम खाऊन टाकतं. हिचचे दांडे ताणून बांधल्यावर पिशव्यांत भसाभसा हवा भरली तर बूड वर येतं, गाडी आणि ट्रेलर यांच्यामधला कोन बदलतो आणि दांड्यांचा ताण सुटतो. जे वजन पुढे पाठवलं होतं ते परत मागे. माझी पद्धत अशी: पिशव्यांत किमान हवा ठेवून आधी हिच लावायचं, पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासून उंची टेपने मोजायची, आणि ती ट्रेलर नसतानाच्या मापाच्या जवळ येईपर्यंत दांडे आवळायचे. त्यानंतर मागे थोडं बसलेलं उरलं तर पाच-पाच पीएसआयने हवा, आणि दर वेळी पुढचं माप पुन्हा. पुढची कमान वर जायला लागली की थांबायचं. तुमच्या हिचच्या आणि पिशवीच्या पुस्तिकेत वेगळं काही दिलं असेल तर अर्थात तेच.

मग एअरबॅगा हव्यात कुणाला? ज्यांचं ओझं ॲक्सलच्या मागे लटकत नाही, ॲक्सलवरच पडतं, त्यांना. फिफ्थ व्हील ट्रेलर घ्या: त्याची पिन पिकअपच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या थोडीशी पुढेच बसते. तिथे तरफ नाही, पुढची चाकं हलकी होत नाहीत, फक्त पाटे बसतात. तिथे पिशवी म्हणजे नेमकं औषध. हौद्यात खडी, माती, जळाऊ लाकडं नेणाऱ्यांचंही तेच. आणि ज्याचं ओझं दर आठवड्याला बदलतं त्याला पाटे वाढवण्यापेक्षा हवा कधीही बरी. ज्यांना हवा-नळी-व्हॉल्व्हची कटकट नको त्यांच्यासाठी टिंब्रेनचे पोकळ रबरी ठोकळे किंवा सुमोस्प्रिंगचे फोमचे ठोकळे असतात. बसवा आणि विसरा, पण कडकपणा जो आहे तोच राहणार.

आणखी एक फायदा आहे, तो मला फार आवडतो. ट्रेलर असो की हौद्यावर बसवायचा कॅम्पर, स्वयंपाकघर, फ्रिज, पाण्याची टाकी हे सगळं बहुधा एकाच बाजूला आलेलं असतं आणि गाडी तिकडे झुकते. डाव्या-उजव्या पिशवीला वेगवेगळी नळी आणि वेगळा व्हॉल्व्ह असेल तर जड बाजूला पाच-दहा पीएसआय जास्त देऊन झुकाव काढता येतो. बसवणारे कधी कधी पैसे आणि वेळ वाचवायला दोन्ही नळ्या टी (तीन तोंडांचा जोड) लावून एकत्र करतात. तसं करू देऊ नका. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, त्या बाजूची पिशवी दबते, आणि दोन्ही जोडलेल्या असतील तर तिच्यातली हवा आतल्या पिशवीत पळते. जिला आधार द्यायचा तीच रिकामी होते. घाटात हे चांगलंच जाणवतं.

हवा भरून शेपूट अवाजवी उंच करण्याचा मोहही आवरा. पाटा आपलं ओझं चॅसीला दोन टोकांवर वाटून देतो, पिशवी तेच ओझं मधल्या एका ठिकाणी वर ढकलते. मागे मर्यादेबाहेर लटकणारं ओझं आणि खाली टणक फुगवलेल्या पिशव्या, अशा जोडीने खड्ड्यांतून बरीच वर्षं गाडी चालवली तर चॅसी नेमकी त्याच ठिकाणी वाकू शकते. आणि पिशवीला उसळी जिरवता येत नाही, ते काम शॉक ॲब्सॉर्बरचं. तुमचे शॉक म्हातारे झाले असतील तर एअरबॅगा टाकल्यावर गाडी पुलांच्या सांध्यांवर बोटीसारखी डोलायला लागेल आणि दोष पिशव्यांना जाईल.

बसवणं अवघड नाही, हत्यारं हाताळायची सवय असेल तर शनिवारच्या दुपारचं काम आहे. बहुतेक पाट्यांच्या गाड्यांत मूळचा रबरी ठोकळा काढून त्याच जागी पिशवी येते. माझा सगळा त्रास नळीने दिला. ती मी पक्कडने तोडली होती, टोक चेपलं गेलं आणि जोडातून रात्रभर हवा गळली. धारदार ब्लेडने, काटकोनात, एका फटक्यात कापायची आणि आतपर्यंत दाबायची. मग साबणाचं पाणी शिंपडून बुडबुडे बघायचे, सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघतो त्याच हेतूने. नळी आणि पिशवी सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवायची. जवळ येत असेल तर किटमधली उष्णता अडवणारी पत्र्याची ढाल लावायचीच.

पिशवी पूर्ण रिकामी कधीच ठेवायची नाही. बहुतेक किटना किमान ५ पीएसआय लागते, नाहीतर तिच्या घड्या लोखंडात चिमटतात आणि फाटतात. वरची मर्यादा मोठ्या पिशव्यांना १००, कॉइलच्या पोटातल्या छोट्यांना ३५. जॅक चॅसीला लावून चाक अधांतरी लटकवायचं नाही, कारण मग सगळा ॲक्सल पिशवीला लोंबकळतो आणि ती ओढली जाते. आणि गेज वारंवार लावू नका. टायरच्या मानाने पिशवीत हवा चिमूटभर असते, गेज लावताना जी 'फिस्' होते तेवढ्यातच दोन-तीन पीएसआय निघून जाते. मी दोन आठवडे गळती शोधत होतो. गळती मीच होतो, रोज सकाळी गेज घेऊन.

ट्रेलर सोडल्यावर हवा कमी करायलाही विसरू नका. मागच्या वेळी मी विसरलो, ५५ पीएसआयवर रिकामी गाडी घेऊन किराणा आणायला गेलो. दुकानाच्या गतिरोधकावर मागची चाकं उडाली आणि तीस अंड्यांतली अकरा फुटली.